‘दीर्घ श्वास घे’ म्हणणे थांबवल्यावर : एका घराचा प्रकरण अभ्यास

मुलगी आठ वर्षांची. शाळेत शांत, नीटनेटकी, सांगितलेले ऐकणारी. घरी मात्र आठवड्यातल्या चार-पाच संध्याकाळी तिचा भडका उडे. निमित्त साधेच असायचे. चित्रातली रेघ चुकली, चार वर्षांच्या धाकट्या भावाने ठोकळ्यांची रचना पाडली, टॅब बंद करायला सांगितला, अंघोळीला चल म्हटले. मग किंचाळणे, हातातली वस्तू भिरकावणे, दार आपटणे, कधी आईला बोचकारणे, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास हुंदके. शेवटी बहुतेक वेळा एकच वाक्य यायचे: “मी वाईटच आहे.”

आई-बाबा हातावर हात ठेवून बसले नव्हते. त्यांनी माइंडफुलनेसबद्दल, म्हणजे सजगतेबद्दल बरेच वाचले होते. फोनवर श्वासाच्या व्यायामाचे अ‍ॅप घेतले होते, खोलीत उशा मांडून ‘शांत कोपरा’ केला होता, भिंतीवर भावनांच्या चेहऱ्यांचा तक्ता लावला होता. दोन-तीन महिने हे सगळे करूनही भडके कमी झाले नाहीत, उलट वाढले. तक्ता तर मुलीने फाडून टाकला. माझ्याकडे समुपदेशनासाठी आले तेव्हा त्यांचा प्रश्न होता: “ती श्वासाचा व्यायाम करतच नाही. तिला तो कसा शिकवायचा?”

पुढे मांडलेले घर एकच दिसत असले तरी ती एका कुटुंबाची हुबेहूब हकिकत नाही. अनेक घरांत पुन्हा पुन्हा दिसणारे तपशील एकत्र गुंफून हे प्रकरण लिहिले आहे, म्हणजे कोणाची ओळख उघड होणार नाही आणि मुद्दाही हरवणार नाही.

भडक्याची पायरी-पायरीने उकल

पहिल्या भेटीत आई-बाबांना आदल्या संध्याकाळचा प्रसंग क्षणाक्षणाने सांगायला लावला. काय झाले, मग कोण काय म्हणाले, मग पुढे काय. तो असा होता.

आईने स्वयंपाकघरातून सांगितले, “टॅब ठेव आता.” उत्तर नाही. पुन्हा सांगितले. मुलगी म्हणाली, “थांब ना!” आवाज चढलेला. आई बाहेर आली आणि ठरल्याप्रमाणे म्हणाली, “बाळा, दीर्घ श्वास घे.” “नाही घेणार.” “घे म्हणते ना. पाच वेळा घे.” “नाही, नाही, नाही!” बाबा आतून ओरडले, “शांत कोपऱ्यात जा आधी!” आजी म्हणाल्या, “अरे, लेकराला जरा सोडा रे.” टॅब भिंतीवर आदळला. रडारड झाली, आई थकली, आणि “बरं, दहा मिनिटं बघ, पण गप्प बस” असे म्हणून टॅब परत दिला गेला.

या प्रसंगात श्वासाचा व्यायाम नेमका कुठे आला ते पाहावे. मुलीला काही नको असताना, मोठ्यांचा आवाज कडक झालेला असताना, आज्ञा म्हणून. दोन-तीन महिने रोज तो याच क्षणी येत होता. मुलीच्या लेखी ‘श्वास घे’ म्हणजे ‘तू आत्ता जशी आहेस तशी चालणार नाहीस’. शांत कोपरा ही तर शिक्षेचीच जागा झाली होती, फक्त उशा मऊ होत्या. तक्ता फाडणाऱ्या मुलीला मी दोष देऊ शकत नाही.

दुसरे असे की, भडक्याच्या शेवटी टॅब मिळत होता. जेरल्ड पॅटरसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1982 मध्ये कुटुंबातल्या या फेऱ्याचे सविस्तर वर्णन केले आहे. मूल आवाज चढवते, मोठे माघार घेतात, मूल शांत होते. मुलाला कळते की आवाज चढवला की काम होते, आणि मोठ्यांना कळते की माघार घेतली की घर शांत होते. दोघांनाही त्या क्षणापुरते सुटल्यासारखे वाटते, म्हणून पुढच्या वेळी दोघेही तेच करतात. यात कोणी लबाड नसतो. आठ वर्षांची मुलगी डाव टाकत नव्हती. तिच्या शरीराला अनुभवाने एक वाट सापडली होती, इतकेच.

तिसरी गोष्ट बाबांनी सांगितली. राग बाहेर पडावा म्हणून त्यांनी तिला एक जाड उशी दिली होती, “मार हिला हवं तेवढं.” बऱ्याच पालकांना हा उपाय बरोबर वाटतो. ब्रॅड बुशमन यांचा 2002 मधला प्रयोग नेमका यावरच आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी चिडवले गेले आणि मग ज्याने चिडवले त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले गेले. नुसते स्वस्थ बसून राहिलेल्यांपेक्षा त्यांचा राग जास्त राहिला आणि नंतरचे वागणेही अधिक आक्रमक झाले. मोठ्यांवरचा हा प्रयोग मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही, पण राग म्हणजे वाफ आणि ती सोडली की संपली, या समजुतीला तो चांगला धक्का देतो. या मुलीच्या बाबतीतही उशी मारून झाली की ती भावाकडे वळायची, हे आईने लगेच ओळखले. उशी बंद केली.

नोंदवहीत काय दिसले

कोणताही नवा उपाय सुरू करण्याआधी दोन आठवडे फक्त नोंदी ठेवायच्या ठरल्या. भडक्याची वेळ, त्याआधीच्या तासाभरात काय घडले, शरीरात काय दिसले, मोठे काय बोलले, आणि शेवट कशाने झाला. मुलीचे वर्णन करायचे नाही, घडलेले लिहायचे. ‘हट्टीपणा केला’ असे नाही, ‘तीन वेळा नाही म्हणाली, पेन्सिल फेकली’ असे. पालकांना हा फरक सुरुवातीला जड जातो, पण नोंदवहीची किंमत त्यातच आहे.

नोंदींतून पहिले दिसले ते घड्याळ. जवळपास सगळे भडके शाळेतून आल्यानंतरच्या दीड तासात किंवा झोपण्याच्या आधी होते. सुट्टीच्या दिवशी सकाळी एकही नाही. दुसरे दिसले ती झोप. मुलगी रात्री साडेदहाला झोपत होती आणि सकाळी सहाला उठवली जात होती, म्हणजे साडेसात तास. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2016 मध्ये 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाकाठी 9 ते 12 तास झोप सुचवली आहे. अपुऱ्या झोपेचे मूल नेहमी पेंगत नाही. पुष्कळदा ते चिडते आणि भिरभिरते, म्हणून झोपेचा संशयही कोणाला येत नाही.

तिसरे, प्रत्येक भडक्याच्या आधी काहीतरी अचानक थांबवले गेले होते. खेळ, चित्र, टॅब. सूचना आली ती दुसऱ्या खोलीतून, आणि आली तीच ‘आत्ताच्या आत्ता’.

शाळेतली शांत मुलगी आणि घरातली ही मुलगी वेगळी कशी, असे बाबा वारंवार विचारत. “बाहेर जमतं म्हणजे मुद्दाम करते ना?” वर्गशिक्षिकेशी बोलल्यावर उलगडा झाला. ही मुलगी वर्गात कधीच मदत मागत नाही, खाडाखोड झाली तर अख्खे पान नव्याने लिहिते, कोणी चिडवले तरी हसून सोडून देते. दिवसभर स्वतःला आवरून धरणे हे काम आहे, आणि ते मेंदूच्या ज्या भागावर पडते तो प्रीफ्रंटल कॉर्टेक्स माणसाच्या विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. आठव्या वर्षी त्याची ताकद थोडी, आणि थकलेल्या संध्याकाळी त्याहून थोडी. घरी तो आवर सुटतो, कारण घरी सुटला तरी चालेल असे वाटते. बाबांना हे पटायला वेळ लागला, आणि ते स्वाभाविक होते.

नोंदवहीतली सर्वात मोलाची नोंद मात्र आजींची होती. त्या लिहीत नसत. सुनेला सांगत आणि ती लिहून घेई. एके दिवशी त्या म्हणाल्या, “अगं, तिच्या बाहीकडे बघ ना. आधी बाही ओढून मुठीत घेते, मग चावते, मग पाच मिनिटांत सुरू होतं.” कोणाच्याच लक्षात आले नव्हते. ती बाही म्हणजे भडक्याच्या आधीची पाच मिनिटे होती, आणि काही करता येण्यासारखे होते ते त्या पाच मिनिटांतच. जेम्स ग्रॉस यांनी 1998 मध्ये मांडलेले भावना-नियमनाचे प्रारूप हेच सांगते. भावना पायरी-पायरीने उभी राहते, आणि आधीच्या पायऱ्यांवर परिस्थिती बदलणे किंवा लक्ष वळवणे हे उसळलेली भावना दाबत बसण्यापेक्षा सोपे जाते.

मुलीला व्यायाम नाही, मोठ्यांना आहे

सुरुवातीला मुलीसाठीचा प्रत्येक व्यायाम थांबवला. अ‍ॅप काढले, कोपऱ्यातल्या उशा परत पलंगावर गेल्या, आणि ‘दीर्घ श्वास घे’ हे वाक्य घरातून पूर्ण बंद. आईला हे उलटे वाटले. “आम्ही तर तेच शिकायला आलोय.”

सजगतेचा सराव मुळात कशासाठी आहे, हे इथे बोलावे लागले. जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सजगतेचा जो कार्यक्रम सुरू केला, तो जुनाट दुखणी आणि ताण घेऊन जगणाऱ्या मोठ्या माणसांसाठी होता. त्यात गप्प बसवणे हा हेतू नव्हता. आत्ता जे आहे, त्यात दुखणेही आले, ते चांगले-वाईट न ठरवता पाहता यावे, एवढाच हेतू. मूल शांत व्हावे म्हणून सजगता वापरली की ती पहिल्याच पावलाला आपला अर्थ सोडते, कारण मग आपण मुलाच्या रागाकडे पाहत नसतो, तो घालवत असतो. मुलांना हा फरक फार लवकर कळतो.

म्हणून सराव आई-बाबांनी करायचा ठरला, आणि तोही छोटा. मुलीचा आवाज चढला की तिच्या खोलीत शिरण्याआधी उंबरठ्यावर एक श्वास सावकाश सोडायचा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले जाणवतात का पाहायचे, मगच आत जायचे. आत गेल्यावर तिच्या उंचीला येऊन बसायचे आणि एकच छोटे वाक्य. “मी इथे आहे.” प्रश्न नाही, उपदेश नाही.

श्वास सोडण्यावर भर का? आत घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात. हृदयाची गती आवरणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचा लगाम श्वास सोडताना अधिक लागतो. ‘दीर्घ श्वास घे’ म्हटले की मुले खांदे वर करून मोठा घोट घेतात आणि भराभर घेतात, त्याने उलट गरगरते. त्यामुळे पुढे मुलीला शिकवले तेव्हाही ‘घेण्या’चा उल्लेख केला नाही. श्वास नीट सोडला की पुढचा आपोआप येतो.

भडका चालू असताना समजावणे का बंद, यालाही आधार आहे. मायकल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी 2003 मध्ये याहून लहान, दीड ते पाच वर्षांच्या मुलांचे थयथयाट तपासले. त्यांना दिसले की रागाचा जोर सुरुवातीलाच चढून ओसरतो आणि दुःख मात्र सुरुवातीपासून अखेरपर्यंत वाहत असते. आठ वर्षांच्या मुलीतही तेच चित्र दिसत होते. किंचाळणे पहिली काही मिनिटे, नंतर नुसते हुंदके. पहिल्या टप्प्यात शब्द ओतले की आगीला वारा लागतो, दुसऱ्या टप्प्यात कुशीत घेतले तर ती येते. पूर्वी या घरात नेमके उलटे होत होते. राग असताना सगळे बोलायचे, आणि रडू लागली की “आता रड” म्हणून निघून जायचे.

मर्यादा मात्र सैल केल्या नाहीत, आणि इथेच बाबा खऱ्या अर्थाने सामील झाले. मारायचे नाही, फेकायचे नाही, बंद झालेला टॅब त्या दिवशी पुन्हा सुरू होणार नाही. “तुला राग येऊ शकतो. फेकू मी देणार नाही.” वस्तू हातातून काढून घेताना एवढेच बोलायचे. भाऊ जवळ असेल तर आधी त्याला दुसऱ्या खोलीत न्यायचे, कारण त्याची सुरक्षितता हा वाटाघाटीचा विषय नाही.

त्याचबरोबर झोपेची वेळ दर काही दिवसांनी पंधरा मिनिटे आधी आणली, साडेनऊच्या आत पोहोचेपर्यंत. सकाळची घाई कमी करून उठणेही थोडे पुढे नेले. काहीही थांबवण्याआधी दहा मिनिटे आणि मग दोन मिनिटे आधी, जवळ जाऊन, खांद्याला हात लावून सांगायचे. शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास काहीही विचारायचे नाही, ‘आज काय शिकवलं’ हेही नाही.

पालकांना एक गोष्ट आधीच बजावून ठेवली होती. टॅब परत मिळत नाही हे लक्षात आल्यावर भडके आधी वाढतील. झालेही तसेच. एका संध्याकाळी मुलगी जवळपास तासभर ओरडत होती आणि आई रात्री फोनवर म्हणाली, “हे चुकतंय असं वाटतंय.” आधीपासून फळ देणारे वागणे अचानक निष्फळ झाले की काही काळ ते अधिक जोराने येते, हे वर्तनशास्त्रात जुने आणि पक्के निरीक्षण आहे. याच टप्प्यावर माघार घेतली तर मूल इतकेच शिकते की यापुढे इतका जोर लावावा लागतो. आई टिकली. माझ्या मते या प्रकरणातली सर्वात अवघड गोष्ट हीच होती, आणि ती तिने केली.

शांत वेळेतला सराव

पुढच्या टप्प्यात मुलीसाठी सराव आला, तोही भांडणापासून कोसभर लांब. रात्री अंथरुणावर, सगळे बरे असताना, एक-दोन मिनिटे. ‘नको’ म्हणायची मुभा. आणि आई किंवा बाबा सोबत स्वतः करणार. नुसते सांगणार नाहीत.

डोळे मिटून श्वास पाहणे तिला अजिबात आवडले नाही. कारण विचारल्यावर तिने नीट सांगितले: “डोळे मिटले की धडधड ऐकू येते. मग अजून भीती वाटते.” पालक हे कारण क्वचितच विचारतात, मूल करत नाही म्हणजे आळस, असे धरून चालतात. ज्यांच्या मनात काळजी जास्त, त्यांना लक्ष आत वळवल्यावर धडधड मोठी वाटणे अगदी शक्य आहे. अशा मुलांसाठी लक्ष बाहेर ठेवणारे सराव घ्यावेत, आणि डोळे उघडे असले तरी काहीही बिघडत नाही.

तिला तीन गोष्टी आवडल्या. भांड्यावर चमचा टकटकवून त्याचा नाद पूर्ण विरेपर्यंत ऐकायचा, संपला असे वाटले की बोट वर करायचे. कोणाचे बोट शेवटी वर जाते याची गंमत. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला घेऊन खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. आणि एका हाताच्या बोटाने दुसऱ्या हाताच्या बोटांची कड गिरवायची, बोट उतरताना श्वास सोडत. शेवटची गोष्ट ती शाळेत बाकाखाली करू लागली. कोणी सांगितले नव्हते.

पोटावर बाहुला ठेवून तो वर-खाली होताना पाहण्याचा सराव धाकट्याला आवडला आणि तो शिकवायचे काम मुलीने मागून घेतले. बाहुला पडला की भाऊ खिदळायचा, तीही खिदळायची. मुले हसली म्हणजे सराव बिघडला, असे समजण्याचे काही कारण नाही.

भावनेला नाव देण्याचे काम वेगळे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवले की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याला झटकन प्रतिसाद देणाऱ्या भागाची, प्रतिक्रिया कमी होते. तो अभ्यास मोठ्यांचा, आणि शब्द निवडणारी व्यक्ती तीच होती. घरात मात्र आई नाव लावत होती, “तू चिडली आहेस”, आणि मुलगी ओरडत होती, “मी नाही चिडले!” दुसऱ्याने चिकटवलेले नाव आरोपासारखे ऐकू येते. म्हणून फक्त दिसते तेवढेच बोलायचे ठरले. “बाही मुठीत आहे गं.” बस. आत काय चालले आहे ते तिला सांगायचे असेल तर ती सांगेल.

काही दिवसांनी तीच म्हणू लागली, “बाही आली.” राग, भीती, लाज, थकवा, यातले नेमके काय, हे तिला अजून उमगत नव्हते. पण काहीतरी येतेय हे उमगत होते. तक्त्यावरच्या बारा चेहऱ्यांपेक्षा हा एक शब्द कितीतरी पुढचा होता, कारण तो तिचा होता.

फाटलेल्या चित्राची संध्याकाळ

शाळेच्या प्रदर्शनासाठी ती झाडाचे चित्र काढत होती. रंग खोडाच्या रेषेबाहेर गेला. तिने बाही ओढली. आजी समोरच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त आपली खुर्ची थोडी जवळ घेतली. मुलगी म्हणाली, “आजी, बाही.” आजी म्हणाल्या, “हो, दिसली मला. बसू का जवळ?” मुलीने मान हलवली, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बोटे गिरवू लागली.

मग धाकटा धावत आला आणि पाण्याची वाटी चित्रावर सांडली.

मुलीने चित्र टराटरा फाडले आणि किंचाळली. पण वाटी फेकली नाही आणि भावाला मारले नाही. बाबांनी धाकट्याला उचलून बाजूला नेले. आई दारात क्षणभर थांबली, आत येऊन जमिनीवर बसली, म्हणाली, “मी इथे आहे.” किंचाळणे काही मिनिटांत ओसरले. हुंदके सुरू झाले तेव्हा मुलगी आपणहून कुशीत आली. “मी वाईट आहे ना?” आईचे उत्तर आधी ठरलेले नव्हते: “तुझं चित्र गेलं. मलाही वाईट वाटलं ते बघून.” ‘छे, तू तर गुणी आहेस’ असे तिने म्हटले नाही, ते बरे झाले. तसे म्हटले की मुलाला पुन्हा गुणी राहण्याची जबाबदारी घ्यावी लागते, आणि या मुलीच्या पाठीवर तीच आधीपासून जड झालेली होती.

अर्ध्या तासाने कागदाचे तुकडे दोघींनी मिळून गोळा केले. भडक्यानंतरचे आवरणे वगळायचे नाही हा नियम होता. त्यात रागावण्याचा सूर मात्र नको. बाबा त्या दिवशी धाकट्यावर जोरात ओरडले होते. रात्री त्यांनी दोन्ही मुलांसमोर सांगितले, “मी ओरडलो, ते बरोबर नव्हतं.” एड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकापासून आई आणि बाळ यांच्यातल्या देवाणघेवाणीवर जे काम केले, त्यातून हेच पुढे आले की चांगल्या नात्यातही सूर वरचेवर बिनसतो, महत्त्वाचे असते ते तो पुन्हा जुळणे. बाबांना हे ऐकून बरे वाटले. आपण कधीच चिडायचे नाही, अशी अपेक्षा घेऊन ते बसले होते.

कितपत फरक पडला

साधारण तीन महिन्यांनी भडके आठवड्याला एखाद-दुसऱ्यावर आले आणि बरेच लवकर निवू लागले. फेकणे जवळपास थांबले. दार आपटणे चालूच राहिले. परीक्षेच्या आठवड्यात सगळे पुन्हा वाढले आणि नंतर उतरले.

याचे श्रेय सजगतेला किती द्यायचे? घरात एकाच वेळी झोप, पूर्वसूचना, टॅबचा नियम, मोठ्यांचे वागणे आणि सराव असे सारे बदलले. यातले वेगळे काढून मोजता येत नाही. माझा अंदाज असा की झोप आणि टॅबचा नियम यांनी बराच भार उचलला, आणि सरावाने मुलीला आधीची पाच मिनिटे ओळखायला शिकवले. सजगता म्हणजे रागावरची लस नव्हे. ब्रिटनमध्ये 85 शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर झालेल्या ‘मिरियाड’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. 11 ते 14 वर्षांच्या मुलांना वर्गात सरसकट सजगता शिकवून, शाळांच्या नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा जास्त फायदा दिसला नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी सरावही फारसा केला नाही. हा निकाल पालकांनी निराश होण्यासाठी नाही. सरसकट, वरून लादलेल्या सरावाकडून काय अपेक्षा करू नये ते तो सांगतो.

या प्रकरणात आणखी एक निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागला होता: हे घरच्या घरी सांभाळण्यासारखे आहे का? अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदान-पुस्तिकेत, 2013 मध्ये, मुलांच्या तीव्र आणि सततच्या चिडचिडीसाठी एक स्वतंत्र निदान आले. त्यात आठवड्याला सरासरी तीन किंवा अधिक तीव्र भडके, ते वर्षभर, आणि दोन भडक्यांच्या मधल्या काळातही जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ चिडका मूड, अशा अटी आहेत. या मुलीचे भडके संख्येने त्या रेषेच्या वर होते, पण मधल्या वेळात ती हसती-खेळती असे आणि शाळेत तिला काहीच अडचण नव्हती, म्हणून ते निदान लागू होत नव्हते. तरी वाचण्यात अडचण, ऐकू येणे, वर्गातली दादागिरी, अतिचंचलता, स्वमग्नता आणि चिंता यांची चाचपणी करून घेतली, कारण शाळेत सगळे आवरून घरी कोसळणाऱ्या मुलांमध्ये यापैकी काही दडलेले असू शकते. मूल स्वतःला इजा करत असेल, मरणाची भाषा बोलत असेल, किंवा घरातल्या कोणाला धोका असेल, तर नोंदवही-सराव बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

सध्या काम चालू आहे ते चुकीच्या भीतीवर. चिंतेची चाचपणी झाली तेव्हा तिथेच खरा सल दिसला: रेघ चुकली की तिला आपणच चुकलो असे वाटते. वर्गशिक्षिकेने तिला दिवसातून एकदा मदत मागण्याचे काम दिले आहे आणि खोडून पान पुन्हा लिहायला बंदी केली आहे. चूक झाली तर तिथेच एक रेघ मारून पुढे जायचे. पहिल्या दिवशी ती वही घरी आणून रडली. दुसरीकडे धाकट्याने आता वस्तू भिरकावायला सुरुवात केली आहे, आणि आई-बाबांनी त्याच्यासाठी नव्या वहीत वेळ आणि आधीचा तास लिहायला घेतला आहे.